पाखऱ्याच्या डोळ्यावरचा हात

थंडी परत आली. ते कुणी सांगावं लागत नाही. कांद्याच्या वाफ्यात पहिलं पाऊल ठेवलं की तळपायातून कळ निघते आणि थेट कानशिलापर्यंत जाते. निमगाव सावाच्या शिवारात या दिवसांत सगळीकडे एकच काम, कांद्याची लागण. वाफ्यात पाणी सोडायचं, चिखलात वाकायचं, रोपं टोचत टोचत मागं सरकायचं. मी गावच्या शाळेत शिकवते, पण रविवारी वाफ्यात उतरते. मग सोमवारी फळ्यावर लिहिताना बोटांना खडूबरोबर रोपांचाही वास येत राहतो. मला तो आवडतो. मुलं मात्र नाक मुरडतात.

काल सकाळी अशीच वाकले होते. धुक्यानं पलीकडचा बांध गिळला होता. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. खट्, खट्, खट्, खट्. डांबरावरून पत्र्या मारलेला बैल चालला की येतो तो. चारी पायांचा एकसारखा, कुठं घाई नाही, कुठं अडखळ नाही. मी कंबर सरळ करून उभी राहिले आणि तो आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ऐकत राहिले.

शेजारच्या वाफ्यातल्या बाईनं विचारलं, "काय झालं बाई? कंबर धरली का?"

"नाही गं. बैल ऐकतेय."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा रोपांकडं वळली. बाईंचं वय झालं, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत हा आवाज काही आठवडे अडखळला होता, आणि तो अडखळण्यात माझा हात होता. तेव्हापासून असा सरळ चालणारा बैल ऐकला की मला आतून सुटल्यासारखं वाटतं.

ज्यांच्या दारात बैल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. खडीवर, डांबरावर खूर झिजतो आणि बैल लंगडायला लागतो. मग त्याला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधून दुबेळक्यावर, म्हणजे दोन फाट्यांच्या लाकडावर टेकवायचे, वाढलेला खूर धारदार पात्यानं तासायचा आणि पातळ लोखंडी पत्री बसवून वर खिळे ठोकायचे. आपण नखं काढतो तसंच आहे ते, फक्त दिसायला भयंकर. पहिल्यांदा बघणारा तोंड फिरवतो. लग्न होऊन आले तेव्हा मीसुद्धा पदर तोंडाशी धरून पळाले होते, आणि सासरच्यांनी त्यावरून वर्षभर माझी चेष्टा केली होती.

आमच्या भागात हे काम दिलावरभाई करतात. राहायला मंचरला, आंबेगाव तालुक्यात. त्यांचे वडीलही हेच करायचे. सोमवारी बेल्ह्याचा बैलबाजार. पहाटे मोटारसायकलला पेटी बांधून, कानाला मफलर गुंडाळून, उसाच्या रानांमधून नदीचा पूल ओलांडून ते आमच्या गावावरून बेल्ह्याला जातात. वाटेत आमच्या ओसरीवर चहा. बाजारात टेम्पो, मोटारसायकली, उपरण्याखाली बोटं दाबून चाललेले सौदे, या सगळ्या गर्दीच्या एका कडेला, लिंबाच्या झाडाखाली त्यांची जागा. गावोगावी ट्रॅक्टर आले तसं त्यांचं काम घटलं आणि शेतरस्ते डांबरी झाले तसं थोडं वाढलं. "सरकार एका हातानं घेतंय, दुसऱ्यानं देतंय," असं ते म्हणतात.

माणूस गोड वगैरे अजिबात नाही. बैलाचं पोट भरलेलं असताना कुणी पाडायला आणला की ते भर बाजारात मालकाला झापतात. "पोटाला तडस लागून मरंल की वो त्यो! तुमी जेवून लगेच पालथं पडता का?" आणि त्यांची एक अट असते. बैलाच्या डोक्याशी मालकानंच बसायचं. एका हातानं शिंग धरायचं आणि दुसरा तळवा बैलाच्या वरच्या डोळ्यावर ठेवायचा. "डोळा झाका, भाऊ. वळखीचा हात डोळ्यावर असला की त्यो आपला गप ऱ्हातो."

खरंच राहतो. एवढं मोठं धूड, एका ओळखीच्या तळव्याखाली शांत पडून राहतं. मला हे नेहमीच नवलाचं वाटत आलं आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमची प्राजू घरी आली होती. पुण्यात नोकरी करते. ट्रॅक्टर असूनही आमच्या घरी एक जोडी आहे, कारण 'यांना' बैलाशिवाय गोठा म्हणजे रिकामं कपाट वाटतं. जोडीतल्या पाखऱ्याच्या पत्र्या झिजल्या होत्या. सोमवारी बापलेक त्याला घेऊन बेल्ह्याला गेले. प्राजूनं मोबाईलवर सगळं टिपलं. पाखऱ्या पडतोय, तिचे वडील डोळ्यावर हात ठेवून बसलेत, दिलावरभाई खूर तासतायत. मग तो उठतो, अंग झटकतो आणि नव्या पत्र्यांवर जरा ठेचकाळत चालतो. त्यावर लिहिलं, 'आमच्या पाखऱ्याच्या नव्या चपला'. कुठंकुठं टाकलं, मैत्रिणींना आवडलं, सुट्टी संपली, पोरगी पुण्याला गेली. आम्ही विसरलो.

आता आमच्या गटाबद्दल सांगायला हवं. गावच्या मोबाईलवरच्या गटाचं नाव 'सावध निमगाव'. तो काढला बिबट्यासाठी. आमच्याकडं उसात बिबट्या असणं म्हणजे घरात मांजर असण्यासारखं झालंय. कुणाला कुठं दिसला की गटावर टाकायचं, म्हणजे बाकीचे त्या वाटेनं जात नाहीत. मागून त्यात लाईट कधी येणार, कधी जाणार हे आलं, मग वाढदिवस, दशक्रिया, सुविचार, सगळंच आलं. दिलावरभाई गावचे नाहीत, पण सोमवारी पहाटे एकटे उसातून येतात म्हणून मीच त्यांना गटात घेतलं होतं. बिबट्याचा निरोप गेला की त्यांचं उत्तर ठरलेलं. 'पाहिलं.' एवढंच.

आणि गटाची एक सवय होती, माझीही होती. काहीही आलं की जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. वाढदिवस, हात. कुणी गेलं, हात. लाईट गेली, तरी हात. नाही टाकलं तर समोरच्याला वाटतं, बाईंना शिष्टपणा आला. अंगठा आपोआप तिथं जातो, डोळ्यांना विचारतसुद्धा नाही.

एका गुरुवारी मधल्या सुट्टीत मी पोषण आहाराच्या खिचडीकडं बघत उभी होते. गुलाबआबांनी गटावर एक व्हिडिओ टाकला. आबा आमच्या वरच्या आळीतले, सत्तरी ओलांडलेले, रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवणारे. त्यांच्या व्हिडिओखाली आधीच बऱ्याच जणांनी हात जोडले होते. मीही जोडले. व्हिडिओ उघडला नाही. खिचडीत मीठ कमी होतं, ते सांगायला मी आत गेले.

शाळा सुटताना मोबाईलवर करड्या अक्षरांत एक ओळ दिसली. दिलावरभाई गटातून बाहेर पडले. ही ओळ फक्त गट चालवणाऱ्याला दिसते, आणि आमचा गट मी चालवते. म्हणजे अख्ख्या गावात ती मला एकटीला दिसली. चुकून बोट लागलं असेल, असं मला वाटलं. पुन्हा घेऊ सवडीनं, म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला.

सोमवारी अंधार फिटायच्या आत दूधवाल्याचा निरोप आला, पुलाच्या अलीकडं बिबट्या बसलाय, बाजूला पिल्लू आहे. मी झोपाळलेल्या डोळ्यांनी गटावर टाकलं. एकामागून एक हात जोडले गेले. मी चहा ठेवला, आणि आधण उकळताना एकदम लक्षात आलं. 'पाहिलं' आलं नाही. येणारच नव्हतं, कारण दिलावरभाई गटात नव्हते. आणि या वेळी ते नेमके त्या पुलाच्या तोंडाशी असतात.

चहा तसाच सोडून मी मोबाईल उचलला. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. हे अंगणात गाडी काढायला लागले. तिसऱ्यांदा जुबेदाभाभींनी, त्यांच्या बायकोनं, उचलला.

"भाभी, ते निघाले का? पुलावर बिबट्या आहे!"

"न्हाई निघालं. घरीच हायेत."

मी पायरीवर बसलेच. एवढं हायसं मला वाटलं. मग विचारलं, "बरं नाही का त्यांना?"

त्या म्हणाल्या, "बेल्ह्याला जायाचं बंद केलंय त्यांनी. तुमी बघितला न्हाई का त्यो व्हिडिओ? तुमी तर हात जोडलेत त्याच्यावर बाई."

फोन ठेवून मी तो व्हिडिओ उघडला. चुलीवर चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

दाढीवाला माणूस, हातात पातं, खाली पाय बांधलेला बैल. मागं भीतीदायक संगीत. कडा कापलेल्या, म्हणजे मालक दिसत नाही, बाजार दिसत नाही, पत्र्यांची पेटी दिसत नाही. बैल उठण्याआधीच चित्र संपतं. वर लिहिलेला मजकूर मी इथं देणार नाही. त्यात बैल कापल्याचा आरोप होता, एका अख्ख्या समाजाला शिव्या होत्या, आणि शेवटी असल्या लोकांना गावात पाऊल टाकू देऊ नका, असं होतं.

आणि त्या कापलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक हात राहून गेला होता. बैलाच्या डोळ्यावर ठेवलेला, करंगळीशेजारचं बोट पेरापाशी तुटलेलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात ते बोट गेलं तेव्हा मीच फडकं बांधून दवाखान्यात नेलं होतं. तो माझ्या नवऱ्याचा हात होता. बैल आमचा पाखऱ्या होता. व्हिडिओ माझ्या लेकीनं काढलेला होता.

मी मागच्या दारानं गोठ्यात गेले. गटावर ज्याचा बळी गेला म्हणून गाव हळहळत होतं, तो पाखऱ्या निवांत कडबा खात उभा होता. माझ्याकडं बघून त्यानं कान हलवला. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. एकोणतीस वर्षं मी मुलांना सांगत आले, आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी काय केलं होतं?

मास्तरणीला चूक कळली की ती निबंध लिहिते. मी लिहिला. तीन परिच्छेद, शुद्ध भाषेत, खोटी माहिती कशी पसरते, आपण कसं वागावं, सगळं. गटावर टाकला. दहा मिनिटांत सगळ्यांनी त्यावर हात जोडले. एकानंही वाचला नव्हता. एकानं खाली वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या.

हे म्हणाले, "तुझं ऱ्हाऊ दे." ते गोठ्यात गेले, पाखऱ्याचा पाय उचलून पत्रीचा फोटो काढला, मग त्याच्या तोंडाचा, काळ्या ठिपक्यांच्या कानासकट. आणि मोबाईल तोंडाजवळ धरून बोलले. त्यांचं बोलणं मी जपून ठेवलंय. "राम राम. मी बोलतोय. त्या व्हिडिओतला बैल आमचा पाखऱ्या हाय. मेला न्हाई, वैरण खातोय, येऊन बघा. डोळ्यावर हात हाय त्यो माझा हाय, बोट बघा. दिलावरभाई पत्री मारत व्हतं. तुमच्या बैलाच्या पायाला काय हाय ते वाकून बघा जरा, कुणी मारलीय त्या पत्र्या. आन मग बोला."

लोक वाचत नाहीत, पण ऐकतात. त्या बोटाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. अर्धा तास एकानंही हात जोडले नाहीत. मग कुणीतरी एका खुराचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या ढवळ्याच्या पण त्यांनीच.' मग दुसरा खूर. मग तिसरा. त्या दिवशी 'सावध निमगाव'वर नुसते खूर होते, शेणामातीनं भरलेले, नव्या-जुन्या पत्र्यांचे. तेवढं सुंदर काही मी त्या गटावर आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

गुलाबआबा संध्याकाळी काठी टेकत आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही. "म्या उघडलाच न्हवता गं. जावयानं पाठवला, वर बैल दिसला, मला वाटलं गुरांच्या डाक्टरचं कायतरी आसंल. दिला फुडं ढकलून." मग बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा मारत राहिले. "चाळीस वर्सं झाली. आदी त्याचा बाप, मग त्यो. माझ्या एका बैलाला त्याच्या हातनं कदी इजा झाली न्हाई."

पुढचे दिवस आम्ही तो व्हिडिओ उलटा शोधत गेलो. पाट फुटला की शेतकरी पाण्याच्या कडेकडेनं वर चालत जातो, तसं. आबांना राजुरीच्या जावयानं दिला होता. आबा मला आणि यांना घेऊन राजुरीला गेले आणि जावयाच्या ओसरीत उभ्या उभ्या म्हणाले, "पावणं, आपून दोघं येडे ठरलो." जावई शरमले. त्यांना एका दुधाच्या गटातून आला होता, त्या गटाला आणखी कुठून. पुढं वाट हजारो अनोळखी नंबरांच्या एका ढिगात जाऊन हरवली. कुणी कडा कापल्या, कुणी संगीत घातलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी नीट लिहून घेतलं, काही ठिकाणचा व्हिडिओ काढलाही गेला. ज्यानं शिवी लिहिली त्याचा चेहरा मला अजूनही माहीत नाही. याचा मला राग येतो, आणि तो जात नाही.

प्राजू फोनवर रडली. मग तिनं अख्खा व्हिडिओ शोधून पाठवला, पहिल्यापासून, पाखऱ्या उठून चालतो तिथपर्यंत. त्यात खरा आवाजही होता. दिलावरभाई म्हणतात, "भाऊ, वैरण घातली व्हती का सकाळी? खरं बोला." आणि हे म्हणतात, "एवढीशीच." आम्ही गटाचा एक नियम केला. ज्यानं ज्यानं खोटा पुढं पाठवला, त्यानं त्याच माणसांना हा पाठवायचा, आणि वर लिहायचं, मी चुकलो. दुसरं काही लिहायचं नाही. ते दोन शब्द लिहिताना मोठमोठ्यांचे अंगठे अडले. माझाही अडला. पण बहुतेकांनी लिहिले.

हे सगळं करून मी जरा फुशारले होते. रविवारी आम्ही दोघं मंचरला गेलो. मला वाटलं, आता दिलावरभाई हसतील, चहा होईल, सोमवारी येतो म्हणतील.

चहा झाला. ते हसले नाहीत.

"वहिनी, ज्यानं त्यो बनवला त्यो मला वळखत न्हाई. त्याचं मला काय वाटायचं न्हाई. पण खाली नावं बघितली. एकेक बैल डोळ्याम्होरं आला. तुमचं नाव व्हतं."

"मी न बघता केलं, दिलावरभाई."

"ते आता कळलं. पण तवा मला कसं कळावं?"

हे म्हणाले, आता गावाला सगळं ठाऊक झालंय, कुणी काही बोलणार नाही, तुम्ही या. दिलावरभाईंनी उजवा पंजा समोर धरला. "बाजारात लांबलांबची मान्सं येत्यात. मागनं कुणी आरडलं तरी आता दचकतो मी. आन हात हालला की खिळा वाकडा जातो. वाकडा गेला की आतल्या मासात घुसतो, बैल जलमाचा लंगडा. माझ्या भ्यायच्या पायी तुमच्या जनावराला इजा नको."

भीतीबद्दल मी खूप वाचलं होतं, पण ती खिळ्याच्या टोकापर्यंत जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियम झाला, तक्रार झाली, खूर झाले. आणि तरीही त्या सोमवारी लिंबाखालची जागा रिकामीच राहिली. पुढच्याही. कुणी म्हणालं, संगमनेरकडचा एक पत्रीवाला येतो, त्याला बोलवा. गावात दोन-तीन बैल लंगडायला लागले होते. आबांचा त्यात एक. आबा म्हणाले, "लंगडू दे."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आबांनी टेम्पो बोलावला. बैल चढवला. माझ्या दारात येऊन म्हणाले, "बाई, चल. त्यो येत न्हाई तर आपून जाऊ." पुढं चालकाजवळ बसायला जागा होती, पण आबा मागं बैलाशेजारी उभे राहिले. वाटेत कुणी अडवलं तर बैल कुणाचा हे दिसावं म्हणून. त्या थंडीत सत्तरी ओलांडलेला माणूस धोतर सावरत मंचरपर्यंत उभा राहून गेला. मी आणि हे पुढं बसलो आणि सारखे मागं वळून बघत राहिलो.

मंचरच्या त्या गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा सगळी दारं उघडली. बायका, म्हातारे, दुकानदार, सगळे बाहेर. दिलावरभाई बनियनवर बाहेर आले आणि बघतच राहिले.

"आबा, हितं कुटं आणला? हे घर हाय."

"मंग? तुजं घर हाय म्हणूनच आणला. पाड."

"वैरण घातलीय का?"

"कालपासनं उपाशी हाय. माझ्यासारखाच."

दिलावरभाई बैलाकडं बघत उभे राहिले. बैल पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. माझ्या मते माणसांचं बोलणं त्यांनी अजून मनावर घेतलं नव्हतं, पण तो उचललेला पाय त्यांना बघवेना. आत गेले, पेटी घेऊन आले. दोर टाकला. गल्लीतली दोन माणसं हाताला आली, बैल अलगद आडवा झाला. आबा कष्टानं गुडघे मोडून डोक्याशी बसले, भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर, आणि तळवा बैलाच्या डोळ्यावर ठेवला.

पहिला खिळा लावताना दिलावरभाई थांबले. हातोडी वर धरलेली. आबा बैलाकडंच बघत म्हणाले, "घाई न्हाई. माझा हात हाय हितं."

ठोका पडला. मग दुसरा. खिळा सरळ गेला. आठवी पत्री बसेपर्यंत आबांनी तळवा हलवला नाही. दोर सुटला, बैल उठला, अंग झटकलं, आणि दिलावरभाईंनी त्याला डांबरी रस्त्यावर चालवलं. ते बैलाकडं बघत नाहीत अशा वेळी, मान खाली घालून ऐकतात. पत्री नीट बसली की नाही ते आवाजावरून कळतं. खट्, खट्, खट्, खट्. चारी सारखे. त्यांचा चेहरा सैल झाला. मी त्या अनोळखी गल्लीत, डोळ्यांना पदर लावून, मोठ्यानं हसले.

ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीला म्हणावं, उद्या बेल्ह्याला ये आन काढ व्हिडिओ. पण पुरा काढ. मालकाच्या तोंडासकट."

मी सोमवारची रजा टाकली. प्राजूही आली. लिंबाखाली त्या दिवशी बैलांची रांग लागली होती आणि दिलावरभाई भर बाजारात एकाला वैरणीवरून झापत होते. ते झापणं ऐकून मला जे बरं वाटलं ते कशानं वाटलं नसतं. पाखऱ्याच्या पत्र्या अजून चांगल्या होत्या, तरी हे त्याला घेऊन गेले होते, नुसतं उभं करायला. बघा बरं मेलेला बैल, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. संध्याकाळी दिलावरभाईंना विचारून मी त्यांना परत गटात घेतलं.

तो खोटा व्हिडिओ संपला असं नाही. मागच्याच महिन्यात लांबच्या एका नातेवाइकानं मला तो नवा म्हणून पाठवला. मी अख्खा पाठवला, खाली यांचा आवाज पाठवला, आणि मग फोन करून बोललेही. कंटाळा येतो. पण वाफ्यातलं गवत एकदा काढलं म्हणून दुसऱ्यांदा वाकायचं राहत नाही, त्यातलंच हे एक काम झालंय. हात जोडायची सवय मात्र माझी गेली. गावात काही जण म्हणतात, बाईंना शिष्टपणा आलाय. आलाय खरा.

आज सोमवार, पाखऱ्याला नव्या पत्र्या मारायचा. पहाटे दूधवाल्याचा निरोप आला, पुलाजवळ बिबट्या. मी गटावर टाकलं आणि चहा ठेवला. दोन वर्षं झाली, तरी आधण येईपर्यंतची ती दोन-चार मिनिटं माझा जीव थाऱ्यावर नसतो. मोबाईल चुलीजवळ ठेवून मी त्याच्याकडं बघत राहिले.

वाजला.

'पाहिलं. वरच्या वाटेनं येतो. पाखऱ्याला वैरण घालू नका, मागच्या खेपेला भाऊंनी घातली व्हती.'

मी ते दोनदा वाचलं. मग गोठ्यात गेले, गव्हाणीत हात घालून चाचपून पाहिली, आणि परत येऊन लिहिलं, 'बघून आले. गव्हाण रिकामी आहे. या.'